चार हजार कांड्या, एकच घाणा

मोडताईंचं काम काय हे ऐकलं की नवा माणूस आधी हसायचा आणि मग त्यांचा चेहरा पाहून हसू गिळायचा. पेन्सिलीत बसवायच्या शिशाच्या कांड्या बनवणारा तो कारखाना. बाकीचे सगळे सकाळपासून कांड्या बनवायचे आणि या बाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्या एकेक करून मोडायच्या. तेवीस वर्षं हेच. म्हणून तर मोडताई. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते सुखाने राहत होतं.

मोडायची रीत साधी होती. दोन लोखंडी टेकूंवर कांडी आडवी ठेवायची, मधोमध आकडीने छोटं पारडं अडकवायचं आणि पारड्यात बारीक छर्रे सोडत राहायचं. हात जराही हलता कामा नये, नाहीतर कांडी छऱ्यांनी मोडत नाही, आपल्या घाईने मोडते. टक् झालं की छऱ्यांचं वजन करायचं आणि वहीत मांडायचं. एका कांडीला दोन मिनिटं, दिवसाला दोनशे कांड्या. संध्याकाळी हात कोपरापर्यंत काळे, आणि वहीच्या तळाशी त्या दिवसापर्यंतची सरासरी.

या सरासरीवर मोडताईंचा भारी जीव. पहिल्या दहा कांड्यांपर्यंत ती नुसती उड्या मारते, शंभराला जरा शहाणी होते आणि हजार झाल्या की ढकलली तरी हलत नाही. मग मोडताई पेन खाली ठेवून म्हणायच्या, "बसली बाई एकदाची." लग्न ठरलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं. आणि एक गोष्ट त्यांना कुणी न शिकवता ठाऊक होती. सरासरीतली चुळबुळ निम्मी करायची तर कांड्या दुप्पट मोडून भागत नाही, चौपट मोडाव्या लागतात.

हे वाक्य त्या एकदा घरी सहज बोलून गेल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या बहिणीची मुलगी जेवता जेवता थांबली. ही भाची गणितात संशोधन करायची आणि प्रबंध पुरा होईपर्यंत मामा-मामींकडे राहायला आली होती.

"मामी, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचंय काय त्यात? तेवीस वर्षांच्या वह्या आहेत. दिसतंच ते."

"हे सिद्ध करायला लोकांना जन्म घालवावे लागले गं!"

"मग त्यांनी मोडायला बसायचं होतं," मोडताई म्हणाल्या आणि आमटी वाढायला उठल्या.

भाचीच्या प्रबंधाचा विषय घरात एक चेष्टेची गोष्ट होऊन बसला होता. विनिमेय यादृच्छिक चलांच्या सरासरीच्या अभिसरणाचा वेग. मामा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. एकदा गिऱ्हाइकाने विचारलं, भाची काय शिकते? तेव्हा तोंडात टाचण्या धरून मामांनी हा विषय अख्खा म्हणून दाखवला होता. त्यातल्या दोन टाचण्या कायमच्या हरवल्या. तेव्हापासून कुणी विचारलं तर ते "ती हिशेबात आहे" एवढंच सांगायचे.

असं सगळं छान चाललं होतं आणि मंगळवारी ते पत्र आलं.

झालं होतं असं. एका मोठ्या पेन्सिल कंपनीने साठ खोकी कांड्या मागवल्या होत्या. अट एकच, कांडी सरासरीने एक हजार पन्नास ग्रॅम तरी पेलायला हवी. मोडताईंनी मनावर घेतलं. एरवी त्या हजार मोडून थांबायच्या, यावेळी वीस दिवस बसून चार हजार मोडल्या. सरासरी अशी बसली की शेवटच्या आठवड्यात तिने कूससुद्धा बदलली नाही. बाराशे दहा. मोडताईंनी अहवालात आकडा लिहिला, खाली सही ठोकली आणि त्या रात्री गाढ झोपल्या.

आता कंपनीच्या तपासनिसांचं पत्र मालकांच्या हातात होतं. नमुना म्हणून पाठवलेल्या खोक्यातल्या पाचशे कांड्या त्यांनी स्वतः मोडल्या होत्या. त्यांची सरासरी एक हजार दहा. अटीपेक्षा चाळीस ग्रॅम कमी आणि मोडताईंच्या आकड्यापेक्षा तब्बल दोनशे ग्रॅम कमी. पत्राचं शेवटचं वाक्य मालकांनी दोनदा वाचलं. "सदर अहवाल प्रत्यक्ष चाचणी न करता टेबलावर बसून तयार केला असावा, असे दिसते."

"टेबलावर नाही तर काय झाडावर बसून करायचा?" मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

मोडताई हसल्या नाहीत. तेवीस वर्षांत एक आकडा त्यांनी कल्पनेने लिहिला नव्हता. ताप असताना नाही, हात कापला तेव्हा नाही, कुणी बघत नसताना तर अजिबात नाही. आणि कुठल्याशा परक्या माणसाने एका ओळीत त्यांना खोटारडं ठरवून टाकलं होतं.

मालक मनाने वाईट नव्हते, फक्त घाबरट होते. "शुक्रवारी ते स्वतः येतायत," ते कपाळ पुसत म्हणाले. "ताई, तुम्ही असं करा. आणखी मोडा! चार हजारांवर विश्वास नाही ना? पाच हजार करू. पाच हजारांपुढे कोण तोंड उघडतो बघू."

"आणि तरी उघडलं तर?"

मालकांनी छताकडे पाहिलं. "तर मग... आजकाल ती विजेवर चालणारी यंत्रं मिळतात. एखादं घेऊ. सही काय, कुणीही करेल. तुम्हाला पॅकिंगला बसवू, आरामाचं काम आहे."

आराम! मोडताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पगार तोच राहील, खुर्चीही कदाचित बरी मिळेल. पण ज्या सहीच्या जोरावर हजारो खोकी या दारातून बाहेर गेली, ती सही आता खोटी म्हणून बाजूला ठेवली जाणार होती. त्या जागेवर गेल्या आणि पिंपात हात घातला.

हे पिंप म्हणजे चाचणीचं पिंप. कमरेएवढं, पत्र्याचं, चाचणीच्या कांड्यांनी काठोकाठ भरलेलं. मोडायला सुरुवात करण्याआधी दोन्ही हात खोल घालून त्या रोज पाव तास कांड्या ढवळायच्या. वरच्या खाली, खालच्या वर. या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे कारखान्याचा कायदा होता. ढवळलं की न्याय झाला. मग कुठलीही उचला, आधीची नंतर घ्या, नंतरची आधी घ्या, कुणावर मेहेरबानी नाही.

मंगळवारी दुपारी आणि बुधवारी दिवसभर त्या मोडत राहिल्या. तीनशे कांड्या झाल्या. सरासरी बाराशे दहाची बाराशे अकरासुद्धा झाली नाही.

बुधवारी संध्याकाळी त्या घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, काळ्या हातांनी. मामा दुकानातून आत डोकावले आणि रंग पाहून कात्री हातात घेऊनच बसले. मोडताईंनी सगळं सांगितलं. पत्र, ते वाक्य, पॅकिंगचं काम. सांगता सांगता त्यांचे डोळे भरले आणि डोळे पुसल्यामुळे तोंडही काळं झालं.

"माझं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चार हजार तीनशे! चूक असती तर आकडा हलला असता. तो हलत नाहीये. म्हणजे तोच माणूस खोटं बोलतोय."

भाचीने वही पुढे ओढली. पानं उलटली. शंभराला अकराशे शहाण्णव, हजाराला बाराशे तेरा, चार हजारांना बाराशे दहा. तिचा चेहरा उजळला, कारण असलं सुरेख बसत जाणं तिने फक्त कागदावर पाहिलं होतं. मग तो हळूहळू गंभीर झाला.

"मामी, सरासरी बसली हे अगदी खरं. पण ती कुणाच्या घरी जाऊन बसली?"

"म्हणजे?"

"पिंपात कांड्या कुठून येतात?"

"भट्टीतून. भट्टीकाका आणून ओततात."

"रोज थोड्या थोड्या?"

मोडताई थांबल्या. "नाही. महिन्यातून एकदा भरतात. एकाच घाण्यातून. मला सारख्या खेपा नकोत म्हणून."

भट्टीत एका वेळी जेवढ्या कांड्या भाजून निघतात तो एक घाणा, आणि एक घाणा म्हणजे एक खोकं, हे त्या घरात आता सगळ्यांना पाठ होतं. मातीत पाणी किती, आच किती, दार किती वेळा उघडलं यावर अख्खा घाणा कडक निघायचा किंवा हळवा निघायचा.

"मग ढवळून काय होतं?" भाची म्हणाली. "आधी कुठली, नंतर कुठली याने फरक पडत नाही, एवढंच होतं. अदलाबदल केली तरी चालेल. पण त्या एकमेकींना अनोळखी होत नाहीत ना! सगळ्या एकाच आचेत भाजलेल्या. घाणा कडक असेल तर चारही हजार कडक."

"पण मी चौपट..."

"चौपट मोडल्यास तर चुळबुळ निम्मी होते, बरोबर. पण ती त्या घाण्याच्या आकड्याभोवतीची चुळबुळ. सरासरी पळत पळत त्या घाण्याच्या आकड्याकडे जाते. कारखान्याच्या आकड्याकडे ती जातच नाही. लाख मोडल्यास तरी नाही. मी तीन वर्षं हेच तर लिहितेय!"

हे पटतंय की नाही ते मोडताईंनाच कळत नव्हतं. तेवढ्यात मामा, ज्यांच्याकडून कुणीच कसलीही अपेक्षा ठेवली नव्हती, कात्री खाली ठेवून म्हणाले, "अगं, एकाच गिऱ्हाइकाची छाती शंभर वेळा मोजली तर त्याचा सदरा झकास बसेल. पण ते माप धरून मी गल्लीतल्या साठ जणांचे सदरे शिवले, तर लोक मला मारतील."

भाचीने वही मिटली.

"मामा," भाची म्हणाली, "हे माझ्या प्रबंधात घालू?"

"घाल. पण तो विषय मला परत म्हणायला लावू नकोस."

मोडताई उठल्या, नळाखाली हात धरले आणि बराच वेळ चोळत राहिल्या. त्यांना लाज वाटत होती. कुणी खोटारडं म्हटल्याची लाज वेगळी आणि आपण खरोखरच चुकलो याची वेगळी. दुसरी जास्त खोल लागते. वीस दिवस त्या एकाच घाण्याला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत होत्या आणि तो बिचारा इमानाने तेच उत्तर देत होता.

"मग आता किती मोडायच्या?" त्यांनी पाठ न वळवताच विचारलं.

"किती घाणे आहेत?"

"साठ. साठही खोकी गोदामात आहेत. नमुन्याचं खोकंही परत आलंय."

"तर प्रत्येकातून तीन. एकशे ऐंशी."

"एकशे ऐंशी?" मोडताई गर्रकन वळल्या. "चार हजार मोडून तोंडावर पडले आणि एकशे ऐंशीने उभी राहू?"

"राहशील. इथे कांड्या कमी असल्या तरी घरं साठ आहेत."

गुरुवारी सकाळी मालकांनी हे ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ठोकलेलं खोकं उघडायचं नाही हा कारखान्याचा नियम होता. झाकणं तडकायची, खिळे वाकायचे, पॅकिंगवाले संपावर जायचे.

"अहो ताई, शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. तुम्ही तर चार हजार शितं चाचपलीत!"

"हो, पण एकाच भांड्यातली," मोडताई म्हणाल्या. "तुमच्या गोदामात साठ भांडी आहेत."

मामीबरोबर आलेल्या भाचीकडे बोट करून मालक म्हणाले, "आणि या कोण?"

"ही हिशेबात आहे."

"बरं, उघडा. पण एकही झाकण मोडलं तर..."

"मोडण्याचं माझ्यावर सोडा हो. तेवीस वर्षं तेच करतेय."

पहार घेऊन आले ते भट्टीकाका. तोंड पडलेलं. त्यांना सगळी गोष्ट कळली होती. "ताई, घोळ माझाच आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुमच्यासाठी म्हणून मी चांगला घाणा बघून पिंप भरायचो. वाटायचं, वाईट माल देऊन ताईंच्या हाताला कशाला त्रास? यावेळचा एक्केचाळीस नंबर; पिंप भरून उरला तो खोक्यात गेला. भट्टी अशी जमली होती त्या दिवशी! म्हटलं, हाच ताईंना द्यायचा."

मोडताईंना आता रागवावं की हसावं कळेना. एवढ्या प्रेमाने कुणी कुणाचा घात केला नसेल. "काका, यापुढे मला वाईट मालसुद्धा देत जा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचा थोडा थोडा." आणि मग त्यांना हसू आलंच.

काकांनी खोकी उघडली, भाचीने प्रत्येकातून डोळे मिटून तीन कांड्या उचलल्या, खोक्यावर खडूने लिहिलेला घाण्याचा नंबर मांडला, आणि मोडताई मोडत गेल्या. टक्. टक्. टक्. पण यावेळी सरासरी बसेना. दहा घाणे झाले तेव्हा अकराशे सत्तेचाळीस. वीस झाले तेव्हा अकराशेच्याही खाली, एक हजार त्र्याऐंशी. मोडताईंच्या कपाळावर घाम आला. इतक्या वर्षांत वहीच्या तळाशी असली धिंगाणा घालणारी सरासरी त्यांनी पाहिली नव्हती.

"ही अशी काय करते गं?"

"आत्ता ती साठ घरांची खबर घेतेय, मामी. घाणा कडक आला की वर, हळवा आला की खाली. थांब जरा."

चाळीसला अकराशे बारा. दुपारचा डबा दोघींनी उघडलाच नाही. साठावं खोकं झालं तेव्हा पाच वाजत आले होते आणि आकडा होता अकराशे चार. भाचीने मामांकडून आणलेल्या, कपडे बेतायच्या खाकी कागदावर भराभरा गणित केलं. घाण्या-घाण्यांतला फरक वेगळा, एकाच घाण्यातल्या कांड्यांतला फरक वेगळा. दोन्ही मिळवले, वर्गमूळ काढलं आणि पेन्सिल कानावर ठेवली.

"अकराशे चार. पंचवीस इकडे नाहीतर पंचवीस तिकडे."

"पंचवीस!" मोडताई हादरल्या. "आधी मला चार ग्रॅमचीसुद्धा शंका नव्हती."

"हो. आणि तू शंभर ग्रॅमने चुकली होतीस."

मोडताईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. पंचवीस वजा केले तरी एक हजार एकोणऐंशी उरतात आणि अट एक हजार पन्नासची आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. माल चांगला होता. त्यांना फक्त ते कसं म्हणायचं हे शिकावं लागणार होतं, आणि तेही उद्या सकाळपर्यंत.

शुक्रवारी तपासनीस आले. मोडताईंनी मनात एक खडूस, जाड भुवयांचा माणूस उभा केला होता. प्रत्यक्षात आला तो तिशीतला, सर्दी झालेला, सारखा रुमाल शोधणारा सडपातळ गृहस्थ. मालकांनी त्यांना चांगली खुर्ची दिली आणि मोडताईंना डोळ्यांनी खुणावलं. अकराशे चार तेवढं सांगा, जुन्या आकड्याचं नाव काढू नका.

मोडताईंनी खूण पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

"माझा पहिला आकडा चुकीचा होता," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "मी चार हजार कांड्या मोडल्या, एकही आकडा बनवलेला नाही. वह्या समोर आहेत. पण सगळ्या एकाच घाण्यातल्या होत्या. तो आकडा त्या घाण्याचा होता, तुमच्या मालाचा नव्हता. तुम्ही विचारलंत एक आणि मी उत्तर दिलं भलत्याचंच."

मालकांनी डोळे मिटून घेतले. तपासनीस रुमाल नाकाशी धरून ऐकत राहिले.

"हा नवा." मोडताईंनी कागद पुढे सरकवला. साठ ओळी, प्रत्येक ओळीत तीन आकडे. "आता मी एक विचारू? तुमच्या पाचशे कांड्या किती खोक्यांतल्या?"

"किती म्हणजे? नमुन्याचं खोकं एकच होतं." तपासनिसांनी छाती जराशी पुढे काढली. "पण मी निष्काळजी नाही बाई. आधी सगळ्या नीट ढवळून घेतल्या."

भट्टीकाकांना दाराशी उभ्या उभ्या ठसका लागला. भाचीने खाकी कागद तोंडासमोर धरला. मोडताईंना मात्र या माणसाबद्दल एकदम माया वाटली. परवा संध्याकाळपर्यंत त्या स्वतः याच जागी उभ्या होत्या.

"कितवा नंबर होता खोक्यावर?"

तपासनिसांनी आपल्या वहीत पाहिलं. "सतरा."

मोडताईंनी सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. एक हजार वीस, नऊशे ऐंशी, एक हजार पंचेचाळीस. मग बोट एक्केचाळीसवर नेलं. अकराशे नव्वद, बाराशे साठ, बाराशे पाच.

"हे बघा, तुमचा आकडा खरा आहे. तुम्हाला सतरावा घाणा मिळाला, मला एक्केचाळिसावा. दोघंही खरं बोललो आणि दोघंही चुकलो."

तपासनिसांनी त्या दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग सगळा चेहरा. "मी तुमच्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं," ते म्हणाले.

"वाचलंय मी."

"ते मी परत घेतो. लेखी." आणि ते शिंकले, त्यामुळे प्रसंगाचं गांभीर्य थोडं कमी झालं, पण मोडताईंना तेवढं पुरलं. तीन दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून खाली ठेवलं होतं.

तपासनिसांनी मग आपल्या हाताने पाच खोकी निवडली, प्रत्येकातून दोन कांड्या घेतल्या आणि मोडताईंच्या टेबलाशी बसून मोडल्या. पहिल्या तीन हात हलल्यामुळे वाया गेल्या. चौथीला मोडताईंनी त्यांचं मनगट धरून छर्रे कसे सोडायचे ते दाखवलं. पुढच्या बऱ्या मोडल्या. आकडे साठ ओळींशी जुळले, माल पास झाला आणि मालकांचा चेहरा इतका खुलला की त्यांनी सगळ्यांना दोनदा चहा सांगितला.

आता फक्त नवा अहवाल करायचा होता. मोडताईंनी कोरा फॉर्म घेतला आणि सावकाश लिहिलं. सरासरी अकराशे चार ग्रॅम. पंचवीस ग्रॅम कमी किंवा जास्त असू शकते. साठ घाणे, प्रत्येकी तीन कांड्या. आणि खाली सही केली. ही सही करताना त्यांचा हात तेवीस वर्षांत पहिल्यांदा जरा थांबला होता, कारण आपल्याला नक्की माहीत नाही हे त्या पहिल्यांदाच आपल्या नावानिशी लिहून देत होत्या.

मालकांनी खांद्यावरून वाचलं आणि जीभ चावली.

"ताई, सगळं झकास झालंय. एवढं ते कमी-जास्त मात्र काढून टाका. आपल्यालाच आपली खात्री नाही असं दिसतं. नुसतं अकराशे चार छान दिसेल."

मोडताईंनी पेनाचं टोपण लावलं आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"काढा ना. पण मग खालची सहीसुद्धा काढा. तो नुसता आकडा माझा नाही."

मालकांनी मदतीसाठी तपासनिसांकडे पाहिलं. त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला, पंचवीस ग्रॅमची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि मोडताईंच्या सहीखाली आपली सही करून टाकली.